तारखेची जागा

महापालिकेच्या सभागृहाबाहेर सागवानी पाटी आहे
माजी महापौरांची.
पहिली वीस नावं अब्बांच्या हातची,
दोन बोटं उंच, ऐसपैस,
वेलांटीला फेटा बांधल्यासारखी.
एक नाव लिहिलं की वर्षभर ब्रश सुकत पडायचा.

माझ्या हाती आली तेव्हा
कुणी सहा महिन्यांचा, कुणी चार;
एका बाईंचा तर सोनेरी रंग वाळायच्या आत
राजीनामा आला.
अक्षरं खाली खाली बारीक होत गेली.
शेवटची ओळ आता भिंगाशिवाय जमत नाही.

परवा म्हादबा शिपाई दुकानात आला.
"पेंटर, सौ. वैजयंता कांडेकर. लिवून ठेवा."
"आणि इंगवले वहिनी?"
"त्यांचा राजीनामा साहेबांच्या खिशात हाय.
सही हाय. तारीख तेवढी न्हाई."
"मग मी काय करू?"
"नाव लिवा. तारखंची जागा मोकळी सोडा."

वहिनी म्हणे देवदर्शनाला गेल्यात, फोन बंद.
बावीस नगरसेवक गोव्यात मासे खातायत.
गुलाल नाही, बिंदू चौकात सभा नाही,
कोपऱ्यावरच्या मिसळवाल्यालाही पत्ता नाही
की गावाचा पहिला नागरिक बदलतोय.

रात्री साडेअकराला नाझनीनचा फोन.
ती आयर्लंडात नर्स आहे, लिमरिकला,
तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा, आणि मिट्ट अंधार.
"अब्बा, आमचा पंतप्रधान बदलला आज."
"मेला?"
"नाही हो. पाळी संपली त्याची."
दोन पक्ष, म्हणाली, पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी,
बहुमत कुणालाच नाही, जोडीला तिसरा छोटा पक्ष.
ठरलं, आधी हा, मग तो.
आज हा राष्ट्रपतींकडे गेला, राजीनामा दिला,
आणि परत येऊन त्याच टेबलाला बसला,
शेजारच्या खुर्चीत, उपपंतप्रधान म्हणून.
मंत्री बरेचसे तेच. खाती इकडची तिकडं.
"आणि तारीख?"
"तारीख आधीच लिहिलेली, अब्बा.
दोनच दिवस पुढं गेली."
"कुणी गोव्याला नाही गेलं?"
खूप हसली. मला हसू आलं नाही.

आमच्या दुकानातही एक कागद आहे.
अब्बा गेल्यावर कुतुब आणि मी
स्टँपपेपरवर लिहून घेतलं:
पापाच्या तिकटीचं दुकान
एक वर्ष माझं, एक वर्ष त्याचं, दसरा ते दसरा.
साक्षीला तालमीचे वस्ताद.
पहिल्या वर्षी मी किल्ली दिली.
पुढच्या दसऱ्याला त्यानं ती परत आणली,
घासून चकचकीत केलेली.
मग नाझनीनच्या फीचं वर्ष होतं.
मग निवडणुकीचे बोर्ड अर्धवट होते.
मग कारण सांगायचंही राहून गेलं.
वस्तादही वारले.
कुतुब फुलेवाडीत ट्रकच्या मागं अक्षरं काढतो.
भेटला की विचारतो,
अब्बांचे ब्रश उंदीर तर खात नाहीत ना.
किल्लीचं विचारत नाही.

आज शिडी लावली. भिंग, टर्पेंटाइन, सोनेरी डबी.
सौ. वैजयंता कांडेकर.
'यं'वरचा टिंब श्वास रोखून ठेवला.
पुढे तारखेची जागा, कोरी.
खाली बोटभर लाकूड, मग चौकटच.

म्हादबा मान वर करून म्हणाला,
"पुढच्याचं कुठं लिवणार?"
"तेवढ्यात बसतंय एक.
पण ते मी न्हाई लिवणार. माझा भाऊ लिवील.
त्याचं अक्षर बारीक आहे."

तोंडातून गेलं खरं.
उतरताना किल्ली मांडीला टोचत होती.
बाहेर आलो तर फुलेवाडीची बस निघाली होती,
मी हात केला नाही.
दुसरी वीस मिनिटांनी असते.